गेम बॉयसाठी गेम लिहिताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आरजीबीडीएस (गेम बॉयसाठी असेंब्ली कोड लिहिण्याची साधनं) वापरून गेम बॉयसाठी छोटा गेम लिहिला आहे. एमुलेटरवर (संगणकावर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) नीट चालतो, पण फ्लॅश कार्ट्रिजमधून खऱ्या गेम बॉयवर लावला की लेव्हल बदलताना टाइल्स (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) अर्धवट उमटतात. चूक कुठे शोधायची?

उत्तर : बहुधा व्हीरॅममध्ये, म्हणजे चित्राचा डेटा ठेवण्याच्या मेमरीत. स्क्रीनवर ओळ काढण्याचं काम चालू असताना व्हीरॅम प्रोसेसरसाठी बंद असते. तेव्हा लिहिलेला बाइट वाया जातो आणि कोडला त्याचा पत्ताही लागत नाही. काही एमुलेटर ही बंदी पाळत नाहीत, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसतं.

एका फ्रेममध्ये १५४ ओळींचा वेळ असतो. त्यातल्या १४४ दिसतात, उरलेल्या १० म्हणजे व्हीब्लँक, तेव्हा काही काढलं जात नाही आणि व्हीरॅम खुली असते. त्यात मशीन सायकल (प्रोसेसरच्या वेळेचं एकक) मिळतात ११४०. आता एकेक बाइट कॉपी करणाऱ्या लूपचा हिशेब मांडा (एचएल, डीई, बीसी ही प्रोसेसरची रजिस्टरं). एचएलवरून वाचा, डीईवर लिहा, डीई वाढवा, बीसी घटवा : प्रत्येकी २ सायकल. बीसी शून्य झाला का ते बघायला २, मागे उडी मारायला ३. झाल्या १३. म्हणजे एका व्हीब्लँकमध्ये फार तर ८७ बाइट. टाइल १६ बाइटांची, तेव्हा जेमतेम पाच टाइल्स. स्प्राइट्सचा (हलत्या चित्रांचा) ओएएम डीएमए, म्हणजे त्यांच्या माहितीची एकगठ्ठा कॉपी, त्याच वेळात करत असाल तर आणखी १६० सायकल गेल्या, हातात उरल्या चार टाइल्स.

लेव्हलच्या सुरुवातीला शेकडो टाइल्स भरायच्या असतील तर एलसीडी बंद करणंच बरं. मात्र एलवाय रजिस्टर (चालू ओळीचा क्रमांक) १४४ होईपर्यंत थांबा आणि मगच एलसीडीसीचा (स्क्रीनच्या नियंत्रणाच्या रजिस्टरचा) बिट ७ शून्य करा. चित्र चालू असताना स्क्रीन बंद केली तर जुन्या गेम बॉयच्या पडद्याला इजा होऊ शकते. इथे घाई नकोच.

दुसरा संशयित रॅम. खऱ्या यंत्रात सुरुवातीला तिच्यात कचरा असतो, म्हणून ८ केबी वर्करॅम (गेमची कामाची मेमरी) आधी पुसा. स्टॅक (परतीचे पत्ते ठेवण्याची जागा) वर्करॅममध्ये हलवला असेल तर पुसण्याचं काम कॉल करून करू नका, परतीचा पत्ताच पुसला जाईल. तपासणीसाठी सेमबॉय हा अचूक एमुलेटर वापरा.

प्रश्न : सेव्ह केलेला स्कोअर बंद-चालू केल्यावर टिकत नाही.

उत्तर : आरजीबीफिक्सला (रॉमचं हेडर भरणाऱ्या आरजीबीडीएसमधल्या साधनाला) कार्ट्रिजचा प्रकार सांगितलात का? एमबीसी५ (कार्ट्रिजमधली मेमरी नियंत्रित करणारी चिप), रॅम आणि बॅटरीसाठी हेक्स १बी, आणि ८ केबी रॅमसाठी आकार २. लिहिण्याआधी ०००० ते १एफएफएफमधल्या कुठल्याही पत्त्यावर ०ए लिहून रॅम उघडा, डेटा ए००० पासून ठेवा आणि लगेच ०० लिहून बंद करा. उघडी राहिली तर बॅटरीच्या शेवटच्या आचक्यांत सेव्ह बिघडतो. सोबत चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारी बेरीज) ठेवा.

प्रश्न : असा गेम विकता येतो का?

उत्तर : येतो. आरजीबीडीएसचा एमआयटी परवाना साधनाला लागू आहे, तुमच्या रॉमला (तयार गेमच्या फाइलला) नाही. पण दुसऱ्याचं संगीत किंवा टाइल्स घेतल्या असतील तर त्यांचा परवाना वाचा. सीसी बीवाय-एनसी (व्यावसायिक वापराला मनाई असलेला परवाना) खालचं संगीत विक्रीच्या कार्ट्रिजमध्ये चालत नाही.