गावचं साप्ताहिक सोडून शहरातल्या नोकरीवर जाताना

"पगार वेळेवर मिळेल, मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, रात्रीची वणवण थांबेल. मग होकार कळवायला हात का धजत नाही?" असं समुपदेशनाला येऊन विचारणारे गृहस्थ एका छोट्या गावातल्या साप्ताहिकाचे संपादक होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. शहरातल्या एका दैनिकाने त्यांना वरिष्ठ उपसंपादक म्हणून बोलावलं होतं आणि उत्तरासाठी 15 दिवस दिले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गाव सोडताना घालमेल कुणालाही होते. गावच्या संपादकाला ती जास्त होते, कारण त्याचं काम आणि त्याचं गावातलं असणं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. बातमी आणणारा तोच, मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) तपासणारा तोच, जाहिरातीचे थकलेले पैसे मागायला जाणाराही तोच. शेजाऱ्याच्या मुलावर गुन्हा दाखल झाला, तर बातमी छापून संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी यावं लागतं. हा ताण खरा आहे. पण अडीअडचणीला लोक ज्याचं दार ठोठावतात, तोही हाच माणूस असतो. त्यामुळे ताणातून सुटायचं म्हटलं की हा मानही सुटणार, हे मनाला आधीच कळलेलं असतं आणि ते अडून बसतं.

मनावर किती बदल एकदम येतायत, हे मोजायला एक जुनं साधन उपयोगी पडतं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या अमेरिकन संशोधकांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, आणि बाकीच्या घटना त्याखाली. या संपादकांच्या वाट्याला येणारे बदल असे: कामातल्या जबाबदारीचं स्वरूप बदलणं 29, जोडीदाराचं काम थांबणं 26, राहणीमान बदलणं 25, घर बदलणं 20, कामाच्या वेळा बदलणं 20, मुलांची शाळा बदलणं 20, लोकांतली ऊठबस बदलणं 18. बेरीज 158. एका वर्षात 150 च्या पुढे गेलं की तब्येतीला जपायला हवं, असा त्याचा ढोबळ अर्थ. हे भाकीत नाही. पण "एवढं काय त्यात, नोकरीच तर बदलतोय" असं स्वतःला दटावणाऱ्या माणसाला ही बेरीज कागदावर दिसली की दटावणं थांबतं.

त्यानंतर त्यांना आठवडाभराचं एक काम दिलं. येणारा प्रत्येक फोन आणि दारात आलेला प्रत्येक माणूस वहीत नोंदवायचा, आणि समोर लिहायचं: हा बातमीसाठी आला की सल्ल्यासाठी? आठवड्याअखेर दिसलं की निम्म्याहून जास्त लोक बातमीसाठी आलेच नव्हते. कुणाला अर्ज लिहून हवा होता, कुणाला भावाभावांच्या वादात मध्यस्थी हवी होती. बातमी लिहिण्याचं, मजकूर नेटका करण्याचं कसब शहरात बरोबर येतं. माणसंही फोनवर, येण्याजाण्यातून टिकवता येतात. पण रोज कुणीतरी आपल्याला विचारतं, हे मात्र येत नाही. शहरात पहिले काही महिने कुणीही काही विचारत नाही. सर्वांत जास्त दुखतं ते इथे, आणि बहुतेकांची तयारी घरसामान हलवण्यापुरतीच असते.

होकार देण्याआधी नव्या ठिकाणी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: पाळी किती वाजता सुटते, साप्ताहिक सुट्टीचा वार ठरलेला आहे का, पानावर शेवटची सही कुणाची, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ आणि नोटिशीची मुदत किती, बाहेर लिहायला परवानगी आहे का. शेवटचा प्रश्न जुन्या अंकाशी थेट जोडलेला आहे, म्हणून तो टाळू नये. शक्य असेल तर कामाच्या दिवशी तिथे जावं आणि पाळी सुटण्याच्या वेळी कार्यालयापासून घराच्या भागापर्यंतचा प्रवास स्वतः करून पाहावा. राहायला आधी भाड्याने घ्यावं. गावचं घर पहिल्या वर्षात विकू नये.

अपराधीपणावर मात्र एकच औषध लागू पडतं: नीट सोपवून जाणं. "मी गेलो की अंक बंद पडेल" ही भीती गप्पांनी जात नाही, कामाने जाते. त्यासाठी 6 अंक धरावेत. पहिल्या दोन अंकांना नवा माणूस शेजारी बसून पाहील. पुढच्या दोन अंकांना तो करेल आणि जुने संपादक शेजारी बसतील. शेवटचे दोन अंक जुन्या संपादकांनी छापून हातात आल्यावरच वाचायचे. हे शेवटचे दोन सर्वांत अवघड, आणि माणसं नेमके तेच गाळतात. मग पहिली चूक गाव सोडल्यावर होते, नवा माणूस घाबरतो, फोन सुरू होतात.

डोक्यात असलेलं सगळं कागदावर यायला हवं. गावातल्या नावांच्या शुद्धलेखनाची यादी आधी करावी. आडनाव चुकलं की वाचक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. मग वर्षभरात ठरावीक वेळी येणाऱ्या बातम्यांची दिनदर्शिका, वर्गणी कुणाची कधी संपते, कोणत्या जाहिरातीचं किती येणं आहे, छापायची राहिलेली दुरुस्ती, आणि "तुमचं देतो पुढच्या अंकात" म्हणून दिलेले शब्द. हे शब्द कुठेच लिहिलेले नसतात, आणि तेच मोडले की गावाला वाटतं संपादक पळून गेले. गुप्तपणे माहिती देणाऱ्यांची नावं यादीत घालू नयेत. प्रत्येकाला स्वतः विचारावं, "नव्या माणसाला तुमचं नाव सांगू का?" नाही म्हटलं तर ते नाव आपल्यापाशीच राहील. आपण जात असल्याची बातमी स्वतःच्या अंकात, नव्या संपादकाच्या नावासह, निदान चार अंक आधी छापावी. अफवेला तेवढी जागा उरत नाही.

तिसऱ्या भेटीला पत्नी बरोबर आल्या, आणि एक गोष्ट उघड झाली. वर्गणीदारांची वही इतकी वर्षं त्याच सांभाळत होत्या, शेवटची मुद्रितंही त्याच वाचत होत्या. नाव कुठेच नव्हतं. "तुमची नोकरी बदलतेय, माझं काम जातंय," त्या म्हणाल्या. घरात इतके दिवस चर्चा चालली होती, पण हे वाक्य प्रथमच बोललं गेलं. छोट्या साप्ताहिकांच्या घरांत असं काम फार असतं आणि स्थलांतराच्या हिशोबात ते धरलं जात नाही. त्यांच्यासाठी वेगळी यादी केली: त्यांचं काय सुटतंय, नव्या जागी त्यांना कोणतं काम हवं आहे, त्यासाठी किती महिने द्यायचे. संपादकांनी आधी जावं आणि शाळेचं वर्ष संपल्यावर कुटुंबाने, हेही तिथेच ठरलं.

गेल्यावरचा त्रास बहुधा एका ठरावीक दिवशी येतो, तो म्हणजे अंक निघण्याचा दिवस. वर्षानुवर्षं त्या दिवशी शरीराला धावपळीची सवय असते. आता तोच वार रिकामा जातो आणि कारण न कळता चिडचिड होते. त्या वारासाठी आधीच काहीतरी नेमून ठेवावं, तेही माणसांत जाऊन करायचं: एखाद्या वाचनालयात, नवोदितांच्या लेखनवर्गात, कुठेही, जिथे कुणीतरी आपल्याला काही विचारेल. गावच्या फोनसाठी आठवड्यातला एक तास ठरवावा, आणि "तेवढा अग्रलेख लिहून द्या" याला पहिले तीन महिने नकार. तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं हे लिहिणं दोन नोकऱ्या करायला लावतं आणि नव्या संपादकाला उभं राहू देत नाही.

रात्रीची पाळी असेल तर उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी आणि झोपण्याआधीच्या सहा तासांत चहा-कॉफी टाळावी. सुरुवातीला उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ मन खिन्न राहिलं, कशातच रस वाटेना, झोप किंवा भूक बिघडली, तर घर बदलल्याचा शीण म्हणून सोडून देऊ नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगू नये असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी.

परत जायचं की नाही, हा प्रश्न रोज उकरू नये. त्यासाठी सहा महिन्यांनंतरची एक तारीख दोघांनी मिळून ठरवावी. त्या दिवशी पाहावं: झोप कशी आहे, कामात शिकायला मिळतंय का, पत्नीच्या यादीतलं किती झालं, गावचा अंक वेळेवर निघतोय का. या संपादकांनी होकार कळवला तो पंधराव्या दिवशी, आणि रुजू व्हायला दोन महिन्यांची मुदत मागून घेतली, म्हणजे सहा अंक पुरे होतील.