स्पर्धेसाठी पहिल्यांदाच संघ बांधतोयस? आधी एवढं कर
हुशार मुलं शोधण्याआधी वेळ देणारी मुलं शोध. माझ्या पहिल्या संघात पाचही जण हुशार होते, पण सरावाला सगळे एकत्र कधीच जमले नाहीत. स्पर्धेच्या आदल्या रात्री दोघांनी जागून सगळं काम ओढलं. त्या दोघांचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून भेटीचा वार आणि वेळ आजच ठरव, बाकी सगळं त्यानंतर.

- नियमपत्रक सगळ्यांनी मिळून वाचा: संघाची कमाल संख्या, वयोगट, नोंदणीची मुदत.
- प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव लिही. ‘आपण सगळे बघू’ म्हटलेलं काम हमखास राहतं.
- एक राखीव सदस्य घे, त्यालाही सरावाला बोलव.

डावपेचांचं नंतर बघू. संघ जमला की कळव, पहिल्या सरावाचं आपण मिळून ठरवू.