'नऊ पॉवरची दुर्बीण' आणि 'उत्तम काच'

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या शिकारीवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना 'लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी जास्त शक्तीची दुर्बीण आणि उत्तम काच निवडा' असं वाक्य झालं आहे. इथे 'शक्ती' चालेल का, बंदुकीवर बसवायच्या या दुर्बिणीवरचं '३-९×४०' मराठीत कसं वाचायचं, आणि 'काच' म्हटलं तर पुरेसं आहे का?

'लांब पल्ला' नेमका बसला आहे. तोफेला आणि बंदुकीला मराठीत पल्लाच असतो. गडबड आहे ती पुढच्या शब्दांत.

आधी 'शक्ती'. भौतिकशास्त्रात भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्तांक. तिचं एकक डायॉप्टर. चष्म्याचा नंबर असतो तो हाच. दुर्बिणीवरचा ९ हा आकडा डायॉप्टरचा नाही, तो विशालनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा आहे. गंमत म्हणजे त्याच दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला डायॉप्टरचीही कडी असते. आपल्या नजरेप्रमाणे रेटिकल, म्हणजे नेम धरायची फुली, स्वच्छ दिसावी म्हणून ती फिरवतात. दोन्ही आकडे एकाच नळीवर असल्यामुळे 'शक्ती' लिहिली की वाचक भलतीच कडी फिरवणार. बोलताना 'नऊ पॉवर' म्हणायला हरकत नाही, लिहिताना 'विशालन' लिहावं.

'३-९×४०' म्हणजे तीनपट ते नऊपट विशालन आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. 'नऊपट' जोडून लिहावं. 'नऊ पटींनी मोठं' टाळावं, कारण मूळ एक आणि वर नऊ असा हिशेब करून त्यातून दसपट काढणारे वाचक असतात. (४× ला 'चौपट' म्हणावं लागतं, त्याला इलाज नाही. हिंदीतलं 'चौपट', म्हणजे उद्ध्वस्त, मनात आणू नये.) 'नऊपट जवळ' मात्र मराठीच नव्हे, जवळपणाला पट लागत नाही. '४५० मीटरवरचं हरीण नुसत्या डोळ्यांनी ५० मीटरवरून दिसेल तेवढं दिसतं' असं सरळ लिहावं. हा पट लांबी-रुंदीचा आहे. क्षेत्रफळ धरलं तर तो ८१ होतो, म्हणून 'पट' कशाचा ते संदर्भात स्पष्ट हवं.

आता 'जास्त'. हा शब्द भाषांतरात आला असला तरी मजकूर म्हणूनही तो खटकतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १० पटीला ती ५ मिलिमीटर, २५ पटीला फक्त २. संधिप्रकाशात माणसाची बाहुली ५ ते ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, तेव्हा २५ पटीला चित्र अंधारलेलं दिसतं, आणि शिकारीची वेळ तर नेमकी तीच. जर्मनीत रानडुकरासाठी ८×५६ ची दुर्बीण रुळली आहे ती यामुळेच: ५६ भागिले ८, बरोबर ७.

शिवाय विशालन वाढवलं की दृष्टिक्षेत्र आकसतं. ३-९ च्या दुर्बिणीत १०० मीटरवर तीनपटीला साधारण ११ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, नऊपटीला चारच्या आसपास. २५ पटीला दीड मीटरच्या आसपास. गोळी सुटल्यावर बंदूक उसळते आणि जनावर नजरेतून निसटतं. गोळी कुठे बसली तेही कळत नाही. तापलेल्या जमिनीवरच्या हवेची थरथर आणि हातांचा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो. १२ पटीला ४८० मीटरवरचं हरीण ४० मीटरवरच्याएवढं दिसतं, हरणाच्या छातीवर नेम धरायला तेवढं भागतं. म्हणून 'जास्त'ऐवजी 'पुरेसं'.

'काच' चुकीची नाही, चष्म्याचीही काचच म्हणतो. पण इंग्रजीत शिकारी 'चांगली काच' म्हणतात तेव्हा त्यांना चार गोष्टी एकदम अभिप्रेत असतात: काचेचा प्रकार, भिंगांची घासाई, त्यांची जुळणी आणि वरचे लेप. लेपांचं उदाहरण घ्या. बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हवेला लागून असे १६ पृष्ठभाग असले तर निम्माच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. बहुस्तरीय लेपाने हेच नुकसान पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर येतं आणि ९२ टक्के प्रकाश पार होतो. मूळ एकस्तरीय परावर्तनरोधी लेप भिंगं बनवणाऱ्या जर्मनीतल्या झाइस कंपनीत ओलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. खोक्यावर नुसतं 'लेपित' लिहिलं असेल तर एखाद्याच भिंगाला लेप असू शकतो, तेव्हा 'सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप' हा पूर्ण मजकूर भाषांतरातही पूर्णच ठेवावा. पारखायचं तर पुढच्या भिंगात ट्यूबलाइटची प्रतिबिंबं पाहावीत. हिरव्या-जांभळ्या प्रतिबिंबांत एखादं लख्ख पांढरं दिसलं, तर तो पृष्ठभाग कोरा आहे.

काचेचा प्रकार कळतो तो उजळ आभाळासमोरच्या काळ्या फांदीवर. कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली तर ते वर्णविपथन, म्हणजे वेगवेगळे रंग एकाच जागी न जुळणं. कमी अपस्करणाच्या, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या काचेत ती बरीच घटते. भाषांतरात या सगळ्याला 'भिंगांचा दर्जा' म्हणावं. 'काच' पहिल्यांदा अवतरणात देऊन पुढे मोकळेपणी वापरता येईल.

जुन्या मराठीत शिकारीचे शब्द भरपूर आहेत: मचाण, हाका, बंदुकीची माशी (नळीच्या टोकाचा नेम धरायचा उंचवटा). पण ते जवळच्या पल्ल्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीलाच बंदी आली, मग दुर्बिणीचे शब्द घडणार कुठून? त्यामुळे रेटिकल, क्लिक (नेम सरकवायच्या कडीचा एकेक टप्पा) तसेच राहू द्यावेत. 'स्कोप' हे या दुर्बिणीचं इंग्रजी नाव मात्र जपून वापरा. 'लांब पल्ल्यात याला स्कोप नाही' हे वाक्य मराठी वाचक वेगळंच वाचेल.