‘शपथ सुटली’ म्हणा

प्रश्न : आम्ही देवगडजवळ राहतो. मुलगी नववीत आहे. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ड्रेस सोडेना, म्हणून बाही वर केली तर हातावर जुने-नवे वण. स्वतःच केलेले. मिस्टर मुंबईला असतात. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे, देवाला गाऱ्हाणं घालू. मी तिला माझी शपथ घातली, तर तिने बोलणंच टाकलंय.
– एक आई

उत्तर : ताई, गाऱ्हाणं घाला, पण त्यापायी डॉक्टरकडे जाणं लांबवू नका. आणि शपथ आधी सोडवा. आतला ताण असह्य झाला की मुलं असं करतात. घटकाभर हलकं वाटतं, म्हणून परत करतात. शपथेने ताण जात नाही, लपवणं तेवढं वाढतं. उद्या जखम खोल झाली, तर शपथ मोडल्याच्या धाकाने ती तुमच्याकडे येणारच नाही.

समोर बसवून जाब विचारू नका. कोळंबी सोलता सोलता, शेजारी बसून म्हणा, ‘मी घाबरून शपथ घातली, ती सुटली. परत तसं वाटलं किंवा झालं, तर रात्री-अपरात्री मला उठव. ओरडणार नाही.’ हात दाखव, असं म्हणू नका.

मग सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाली किंवा गप्पच राहिली, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आंब्याच्या कलमांच्या फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या मात्र आजच कुलपात घाला, किल्ली स्वतःजवळ ठेवा. रोज दप्तर उपसू नका.

ताजी जखम वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने सलग 10 मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून पाहिलं की थांबत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. हळद, चहापूड नको. रक्त थांबेना किंवा जखमेचं तोंड उघडं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही लावा. मानसोपचारतज्ज्ञांची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करा.

मिस्टरांना कळवायलाच हवं, पण ‘बाबांना सांगणार आहे’ हे आधी तिच्या कानावर घाला. सासूबाईंना एकच सांगा : गणपतीत घर भरेल, तेव्हा हा विषय माजघरात निघता कामा नये. कुणी आत्या-काकू ‘एवढ्या उकाड्यात हे काय घातलंयस’ म्हणाली, तर उत्तर तुम्ही द्या. बाह्या लांब राहू देत.