विश्वाचं प्रसरण, प्रसारण की विस्तार?

प्रश्न असा आहे: एका बातमीत ‘दीर्घिकांच्या सर्वेक्षणातून विश्वाच्या प्रसारणाचा वेग मोजला’ असं वाक्य होतं. (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह.) इथे प्रसारण हवं, प्रसरण की सरळ विस्तार? आणि अशा लेखांत येणाऱ्या ‘ताम्रसृती’तली सृती म्हणजे काय?

प्रसारण चूकच. ते आकाशवाणीने करायचं. ‘सृ’ म्हणजे सरणं, सरकणं. त्याला ‘प्र’ लागून आपोआप पसरण्याला प्रसरण म्हणतात. काना आला की ते प्रयोजक होतं, म्हणजे पसरवणारा कुणीतरी लागतो. विश्वाला तसा कुणी आहे का, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा, बातमीत तो एका कान्याने मिटवू नये. हा घोळ आपल्याकडे सहज होतो, कारण मराठी ‘पसरणे’ दोन्हीकडे चालतं: तेल पसरतं आणि आपण चटईही पसरतो.

विस्तार चुकीचा नाही, पण मला तो मंत्रिमंडळाची आठवण करून देतो. तिथे नवी माणसं येऊन भर पडते. विश्वात आहेत त्याच दीर्घिकांमधली अंतरं वाढतात. अर्थात प्रसरणालाही शाळेचा वास आहेच. उन्हात रेल्वेचे रूळ प्रसरण पावतात, तसं सगळंच फुगतं असं वाटतं. तसं नाही. दीर्घिका, सूर्यमाला, तुमचं घर, सगळं गुरुत्वाने किंवा इतर बलांनी बांधलेलं आहे, ते स्वतः फुगत नाही.

खरी खटकणारी जागा ‘वेग’ ही आहे. तिथे ‘दर’ हवा. दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला, सेकंदाला साधारण ७० किलोमीटर, असं ते माप आहे. व्याजासारखंच: मुद्दल मोठं तर वाढ मोठी. दुप्पट अंतरावरची दीर्घिका दुप्पट वेगाने दूर जाते. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये हाच दर ५०० च्या आसपास काढला होता. आजही ६७ की ७३ यावर एकमत नाही.

आता सृती. तीही त्याच ‘सृ’ची. ताम्रसृती म्हणजे वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे केलेल्या पट्ट्यातल्या, रेषांचं तांबड्या टोकाकडे सरकणं. काही ठिकाणी ‘ताम्रच्युती’ असंही वाचायला मिळतं, पण च्युती म्हटलं की पदच्युत आठवतो. इथे काही पडत नाही, सरकतं. उदाहरण घ्या. ऑक्सिजनची एक रेषा मुळात ३७२.७ नॅनोमीटरवर असते, जांभळ्याच्या जरा पलीकडे. एखाद्या दूरच्या दीर्घिकेत तीच ७४५.४ वर, तांबड्याच्या शेवटाशी सापडते. तरंगलांबी बरोबर दुप्पट. म्हणजे तो प्रकाश निघाल्यापासून विश्वातली मोठी अंतरंही दुप्पट झाली. (उलटी सृतीही असते. १९१२ मध्ये स्लायफर या खगोलशास्त्रज्ञाने देवयानी दीर्घिकेचा वर्णपट घेतला, तेव्हा रेषा निळ्याकडे सरकलेल्या निघाल्या. ती आपल्याकडे येते आहे.)

पण सृतीवरून फक्त किती ताणलं ते कळतं, अंतर नाही. त्यासाठीच ही पाहणी, आणि मी तिला सर्वेक्षणाऐवजी ‘मोजणी’ म्हणेन, कारण तिच्यात अक्षरशः साखळी आहे. जमीन मोजणाऱ्याची साखळी ३३ फुटांची, तिच्या चौरसाचा एक गुंठा. विश्वाची साखळी आजच्या हिशोबात सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांची. बालवयातल्या तप्त विश्वात ध्वनिलहरी पसरत होत्या. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं झालं तेव्हा त्या थिजल्या आणि त्यांचा ठसा मागे राहिला. त्यामुळे दोन दीर्घिका एकमेकींपासून नेमक्या त्या साखळीइतक्या अंतरावर सापडण्याची शक्यता किंचित जास्त असते. हे किंचित इतकं किंचित आहे, की हजारो-लाखो दीर्घिका मोजल्याशिवाय दिसतच नाही. २००५ मध्ये ते पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. आता ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या ४ मीटरच्या दुर्बिणीवर ‘डेसी’ हे उपकरण हेच काम करतं. त्यात ५,००० प्रकाशतंतू आहेत आणि प्रत्येकाला आपल्या दीर्घिकेवर नेमका नेऊन ठेवणारा एक चिमुकला रोबो. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत १ कोटी ४० लाखांहून जास्त दीर्घिका आणि क्वेसार (फार दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं) होते. साखळी आकाशात केवढी दिसते यावरून अंतर, आणि दृष्टिरेषेच्या दिशेने ती किती सृती व्यापते यावरून त्या काळचा प्रसरणाचा दर निघतो.

तेव्हा वाक्य असं व्हावं: ‘दीर्घिकांच्या मोजणीतून विश्वाच्या प्रसरणाचा दर काढला.’ हे फार कोरडं वाटत असेल तर त्याच धातूतून आलेला घरचा शब्द आहे, पसारा. ‘विश्वाचा पसारा वाढतो आहे’ यात मला तरी काही गैर दिसत नाही. आणि मापाचंच म्हणाल, तर पसरलेल्या तळव्यात मावेल तेवढ्या धान्याला आपण पसा म्हणतो. तोही प्रसृतीपासूनच आलेला.