ब्लोअरच्या मोटरचं बेअरिंग दर तीन महिन्यांनी जातंय, कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय, 15 एचपीची मोटर, बेल्टवर चालणारा ब्लोअर, पुलीकडचं 6309 नंबरचं बेअरिंग तीन महिन्यांत आवाज करायला लागतं, तर आता महागातलं घ्यावं का? माझं म्हणणं, नवीन घेण्याआधी जुनं कापून बघा.

भांडुपच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला असताना अगदी हेच चाललं होतं. तिसऱ्यांदा बेअरिंग गेलं तेव्हा मी त्याची बाहेरची रेस, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात ती कडी, ग्राइंडरने कापली, रॉकेलने पुसली आणि बॅटरीच्या उजेडात धरली. छर्रे फिरून पडलेला चकचकीत पट्टा पूर्ण गोल होता. आतल्या रेसवर तसा असतोच, ती फिरते. पण बेल्ट एकाच बाजूला ओढतो, म्हणून बाहेरच्या रेसवर पट्टा अर्ध्याहून कमी भागात दिसायला हवा. दोन्हीकडे पूर्ण गोल, म्हणजे छर्ऱ्यांना आत जागाच उरली नव्हती. मोटरच्या प्लेटवर 6309 सी3 लिहिलेलं, आणि मुंबईच्या नागदेवी बाजारातून आणलेल्या डब्यावर नुसतं 6309!

हा सी3 फार महत्त्वाचा. साध्या 6309 मध्ये छर्रे आणि रेस यांच्यामधली फट 6 ते 23 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, सी3 मध्ये 18 ते 36. शाफ्टवर घट्ट बसवलं की आतली रेस थोडी फुगते, मोटर तापली की आणखी. साध्या बेअरिंगची फट तिथेच संपते. आम्ही सी3 टाकलं आणि कटकट मिटली.

तुमच्याकडे पट्टा तिरका दिसला तर बेअरिंग वाकडं बसतंय, मोटरचं कव्हर आणि शाफ्ट तपासा. एका कडेला सरकलेला असेल तर शाफ्टला बाजूने रेटा बसतोय.

पट्टा जागच्या जागी आहे पण रेसचे पापुद्रे निघालेत, तर मात्र भार जास्त आहे. आधी बेल्ट किती ताणलाय ते बघा, कारण बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. ताण बरोबर असूनही जात असेल तर रोलरचं एनयू309 घ्या. माप तेच, 45 बाय 100 बाय 25 मिमी, आणि भार पेलायची ताकद जवळपास दुप्पट. पण ते शाफ्टला पुढे-मागे धरून ठेवत नाही, ते काम पलीकडच्या बॉल बेअरिंगनेच करायला हवं. आणि उद्या बेल्ट काढून कपलिंगने मोटर थेट ब्लोअरला जोडलीत तर हे काढा. भार नसला की रोलर घसरून खराब होतात.

बसवताना बाहेरच्या रेसवर हातोडा मारू नका, छर्ऱ्यांचे खड्डे रेसवर उमटतात. हीटरवर 110 अंशांपर्यंत तापवा, अलगद सरकतं.

जुनं बेअरिंग टाकून दिलं नसेल तर दोन्ही रेसचा फोटो टाका, आणि मोटरच्या प्लेटवर नंबरापुढे काय लिहिलंय तेही कळवा.