सावद्याच्या पाटलाला 1857 माहीत नाही

प्रिय बेटा,

1852 च्या मोजणीच्या दंग्यावरची तुझी कथा वाचली. विषय झकास निवडलास. खानदेश म्हटलं की लोकांना फारुकी सुलतान नाहीतर फैजपूरची 1936 ची काँग्रेस आठवते. एरंडोल, यावल, सावदा, फैजपूरचे शेतकरी कंपनी सरकारच्या जमीनमोजणीविरुद्ध उठले होते, हे आपल्याकडच्याच पोरांना ठाऊक नसतं.

पण पहिल्याच पानावर तुझा सावद्याचा पाटील म्हणतो, "आज गाव उठलं, उद्या हिंदुस्थान उठेल!" अगं, त्याला कुणी सांगितलं? 1857 तुला माहीत आहे, त्याला नाही. त्याला एवढंच कळतंय की बांधावर साहेबाचा तंबू पडलाय आणि शेतसारा वाढणार म्हणतात.

कथेत जिथं जिथं बिघडलंय, तिथं हेच झालंय. आगगाडीची शिट्टी आधी काढून टाक; मुंबई-ठाणे ही पहिली गाडीच एप्रिल 1853 मध्ये सुटली. केळीच्या बागांतून धावणारा पोरगा गोड आहे, पण आज सावदा-रावेरकडे मैलोगणती दिसतात तशा बागा तेव्हा नव्हत्या. प्रसंग हिवाळ्यातला ठेवणार असशील तर त्याला उभ्या दादरमधून, म्हणजे रब्बी ज्वारीतून, पळव. "जळगाव जिल्हा" तर तेव्हा नव्हताच; 1906 पर्यंत सगळा एकच खानदेश, कलेक्टर धुळ्याला. रुपयावरचा राणीचा मुखडा मात्र राहू दे. 1840 पासूनच्या नाण्यांवर तो आहे, आणि राज्य अजून कंपनीचं. मुखडा कुणाचा, राज्य कुणाचं, हा घोळ पाटलाच्या म्हातारीला पडू दे की.

1880 चं खानदेश गॅझेटियर हाताशी असू दे, फक्त ते सरकारनं लिहिलंय हे विसरू नकोस. तंबूतून जे दिसतं ते त्यात सापडेल. चुलीपाशी काय कुजबुज चालली होती, ते सापडणार नाही; ते तू लिहायचंस. मात्र नोंदीत ज्यांची नावं आहेत त्यांच्या तोंडी मनची भाषणं घालू नकोस. तुझं घर काल्पनिक आहे, तिथं काय हवं ते कर.

मला तुझ्याकडून खरं तर साखळीचा प्रसंग हवाय. तू तो एका वाक्यात उरकलास. मोजणीची साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आजवर जे शेत बिघ्यांत बोललं गेलं, ते कारकून आता एकर-गुंठ्यांत वाचून दाखवतोय. बापजाद्यांपासूनचा आकडा मोडला. जमीन तेवढीच आहे, पण ऐकणाऱ्याला वाटणार की काहीतरी काढून घेतलं. त्यात ठरेल तो दर 30 वर्षांसाठी! साखळीची कडी कपाशीच्या बुडख्यात अडकते, ओढणारा गावातलाच ओळखीचा माणूस, तो मान वर करत नाही. इथं दोन पानं थांब. घोषणा एकही नको.

बोलीचं एक सांगतो. सावद्याच्या माणसाच्या तोंडी तू धुळ्याकडची अहिराणी घातलीस. "काय करी ऱ्हायना" तिकडं गोड लागतं, पण सावदा-फैजपूरच्या पाटीलवाड्यात लेवा बोली हवी. त्या भागातल्या एखाद्या आजीच्या ओट्यावर जाऊन बस, बोलायला लावायची गरज पडणार नाही.

मोडी शिकून घे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन ये. 1927 पासूनची संस्था आहे, जुने कागद कसे असतात ते तरी डोळ्यांखालून जाईल. पण वर्षभर कागदच चाळत बसू नकोस, तसे बसलेले पुष्कळ पाहिलेत. मोजणीच्या आदल्या रात्री त्या घरात कळण्याची भाकरी कशाबरोबर खाल्ली आणि त्या वेळी कोण कुणाशी बोलत नव्हतं, हे बिनधास्त सांगता आलं की लिहायला बस.

शेवटही बदल. दंगा मोडला, मोजणी झाली, हे वाचकाला कळेलच. कथा त्याच्या आधी संपव, पाटील तंबूकडे जायला निघतो तिथं. तो रिकाम्या हातानं निघतो की कुऱ्हाड घेऊन, हे मला विचारू नकोस. दुसरा खर्डा पोळ्याच्या आत पाठव, आणि या खेपेस अक्षर जरा मोठं काढ.

तुझा,
काका